एअर फिल्टर बदलल्याने गाडीची ताकद वाढते का?

‘मूळ कागदी एअर फिल्टर काढून बाजारातला कापडी परफॉर्मन्स फिल्टर बसवा, पिकअप आणि मायलेज दोन्ही वाढेल,’ असा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. रोजच्या वापरातल्या पेट्रोल गाडीत तसं होत नाही.

शहरात हवा अडवते ती मुख्यतः अर्धवट उघडी थ्रॉटलची (अॅक्सिलरेटर दाबल्यावर उघडणारी) झडप. त्यामुळे फिल्टर कितीही मोकळा असला तरी फारसा फरक पडत नाही. मायलेजचंही तेच. आलेली हवा सेन्सर मोजतात आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) त्या हिशेबाने, साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल (वजनाने), सोडतो. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर थोडा फरक पडू शकतो, पण स्वच्छ कागदी फिल्टर तेव्हाही बहुधा पुरेशी हवा देतो. इंजिनाचा आवाज मात्र वाढतो, आणि त्यामुळे गाडी जोरात पळते असं मनापासून वाटतं.

तपासायचं तर टाकी फुल ते फुल मायलेज काढा, दोन्ही फिल्टरवर, त्याच रस्त्यावर, प्रत्येकी काही टाक्या.

मला खरी काळजी धुळीची वाटते. काही मोकळे फिल्टर बारीक धूळ जास्त आत सोडतात, आणि तेल लावलेल्या फिल्टरचं जादा तेल एअरफ्लो सेन्सरवर बसू शकतं. त्यापेक्षा मूळ फिल्टर वेळेवर बदला.