'ओ' गटाच्या आड दडलेला बॉम्बे रक्तगट

मे १९५२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जेमतेम दोन पानांचा एक लेख छापून आला. पहिली तीन नावं मुंबईची होती: वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया. पुढची चार लंडनची: रूथ सँगर, आर. आर. रेस, डब्ल्यू. टी. जे. मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स. लेखात तीन माणसांच्या रक्ताचं वर्णन होतं. त्यातल्या दोघांना रक्ताची निकड होती; एक रेल्वे अपघातात जखमी झालेला, दुसऱ्याला कुणी भोसकलेलं. नेहमीच्या तपासणीत त्यांचा गट 'ओ'सारखा दिसत होता. मात्र क्रॉस-मॅचला, म्हणजे दात्याचं आणि रुग्णाचं रक्त आधी एकत्र करून पाहण्याच्या चाचणीत, 'ओ' गटाचंही रक्त जुळेना. त्यांच्या रक्तद्रवात समोरच्या पेशी टाकल्या की त्या एकमेकींना चिकटून दाणे धरायचे, मग त्या पेशी कोणत्याही गटाच्या असोत.

हे किती चमत्कारिक होतं ते कळायला पन्नास वर्षं मागे जावं लागतं. व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनरने आपल्या सहकाऱ्यांची रक्तं एकमेकांत मिसळून पाहिली आणि १९०१ मध्ये तीन गट मांडले: ए, बी आणि सी. या 'सी'लाच पुढे 'ओ' म्हणू लागले. एबी हा चौथा गट १९०२ मध्ये डेकास्टेलो आणि स्टुर्ली यांनी दाखवला. या कामासाठी लँडस्टायनरला १९३०चं नोबेल मिळालं. दरम्यान १९२४ मध्ये फेलिक्स बर्नस्टाइनने या गटांच्या आनुवंशिकतेचं गणित बसवलं. त्यात 'ओ' म्हणजे काहीच नसणं. ए नाही, बी नाही, म्हणून ओ. मग ज्या पेशीवर काहीच नाही तिला विरोध कोण करणार? 'ओ'चं रक्त कुणालाही चालतं हा समज तिथूनच घट्ट झाला.

मुंबईच्या रुग्णांनी नेमकं हेच गृहीतक मोडलं. त्यांचं रक्त 'ओ'च्या पेशींनाही परकं मानत होतं, म्हणजे त्या पेशींवर काहीतरी असलंच पाहिजे. ते काय, याचा माग लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये मॉर्गन आणि वॉटकिन्स आधीपासून काढत होते. त्या पदार्थाला ते 'एच' म्हणत. तो शर्करेच्या साखळीचा तुकडा. टोकाला फ्युकोज नावाची एक साखर बसली की तयार होतो. त्यावर आणखी एक साखर चढली की ए, वेगळी चढली की बी. काहीच चढलं नाही तर नुसता एच उरतो, आणि त्यालाच आपण 'ओ' म्हणतो. गंमत अशी की एच सगळ्यात जास्त असतो तो 'ओ'च्याच पेशींवर, कारण तिथे तो खर्चीच पडलेला नसतो. एच ही खुंटी समजा, ए आणि बी या तिच्यावर अडकवायच्या टोप्या. बॉम्बे गटाच्या माणसाकडे खुंटीच नसते. ए किंवा बीचं जनुक असलं तरी त्याची टोपी लटकणार कशावर?

याचा पुरावा १९५५ मध्ये अमेरिकेतून आला. फिलिप लेव्हीन आणि सहकाऱ्यांनी एका कुटुंबाचा अभ्यास छापला. त्यातल्या बाईचा गट तपासणीत 'ओ' आणि तिच्या मुलीचा एबी. बर्नस्टाइनच्या नियमाने हे अशक्य. खरं तर त्या बाईकडे बीचं जनुक होतं, पण खुंटीअभावी ते तिच्या पेशींवर उमटलं नव्हतं. मुलीत मात्र ते उघडं पडलं. लेव्हीननेच या प्रकाराला बॉम्बेचं नाव दिलं. पालकत्वाच्या वादात निव्वळ रक्तगटावर निकाल काढणाऱ्यांनी हे उदाहरण कायम डोळ्यासमोर ठेवायला हवं असं मला वाटतं.

पुढचं काम जनुकशास्त्राने केलं. फ्युकोज जोडणारं एंझाइम बनवणारं एफयूटी-१ हे जनुक १९व्या गुणसूत्रावर आहे. भारतीय बॉम्बे गटात त्यात एका अक्षराचा बदल आढळतो, आणि लाळेतल्या एचसाठी लागणारं शेजारचं एफयूटी-२ हे जनुक तर पुरतं गळालेलंच असतं. म्हणून या लोकांच्या लाळेतही एच सापडत नाही. एरवी त्यांची तब्येत ठणठणीत. रक्त घ्यायची वेळ येईपर्यंत आपण वेगळे आहोत हे कळायला काही कारणच नसतं. भारतात साधारण दहा हजारांत एक आणि युरोपात दहा लाखांत एक, असं प्रमाण सांगितलं जातं. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरही हा गट आढळतो; तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांत हाच भारतीय बदल आहे.

खरी मेख तपासणीत आहे. लहानशा लॅबमध्ये पांढऱ्या टाइलवर रक्ताचे थेंब घेतात, एकात ए असलेल्या पेशींचे दाणे धरायला लावणारं अँटी-ए, दुसऱ्यात बीसाठी तेच करणारं अँटी-बी घालतात आणि काडीने ढवळतात. दोन्हीकडे दाणे आले नाहीत की रिपोर्टवर 'ओ' लिहून मोकळे. बॉम्बे गट इथे हमखास निसटतो. तो पकडते ती उलटी तपासणी: रुग्णाचा रक्तद्रव घ्यायचा आणि त्यात ए, बी आणि ओ गटाच्या ओळखीच्या पेशी टाकायच्या. ओच्या नळीत दाणे दिसले की तंत्रज्ञाचे कान टवकारतात. मग युलेक्स नावाच्या काटेरी झुडपाच्या बियांतून काढलेलं, एचला चिकटणारं प्रथिन, म्हणजे अँटी-एच लेक्टिन, वापरून खात्री करतात. साध्या 'ओ'च्या पेशी त्यात जोरात चिकटतात, बॉम्बेच्या ढिम्म राहतात. ही पायरी गाळून 'ओ'ची पिशवी चढवली तर रुग्णाच्या रक्तद्रवातलं, शरीराच्या तापमानालाही जोमाने काम करणारं अँटी-एच त्या पेशी फोडून टाकतं. प्रसंग जिवावर बेततो.

रक्ताचे घटक वेगळे करून देण्याच्या पद्धतीने थोडी सुटका झाली आहे. नुसता प्लाझ्मा, म्हणजे रक्तद्रव, हवा असेल तर बॉम्बे गटाच्या रुग्णाला कोणत्याही गटाचा चालतो, कारण दुसऱ्याच्या प्लाझ्मातल्या अँटी-ए, अँटी-बीला पकडायला त्याच्या पेशींवर काही नसतंच. अडचण तांबड्या पेशींची. त्या बॉम्बे गटाच्याच लागतात, आणि नेहमीच्या शीतकपाटात पिशवी ३५ ते ४२ दिवसच टिकते. ग्लिसरॉल घालून खोल गोठवलेल्या पेशी दहा वर्षं ठेवता येतात, पण ती सोय मोजक्याच ठिकाणी. मोठी शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर रुग्णाचंच रक्त आधी काढून ठेवतात. नाहीतर दाते शोधायचे, आणि तो शोध घरापासून सुरू होतो. आई-वडील दोघेही या जनुकाचे वाहक असले तर प्रत्येक अपत्याला हा गट असण्याची शक्यता चारात एक असते. एवढी शक्यता बाहेरच्या गर्दीत कुठेच नाही, म्हणून बॉम्बे गटाचा माणूस सापडला की आधी त्याच्या भावंडांचे नमुने मागवतात.