फुप्फुसातली गुठळी : उजवं हृदय काय सांगतं?

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर एकाच पायाची पोटरी सुजली आणि चार पावलं टाकताच धाप लागली, तर इंदूरच्या रामबागेत काय नि सुदामानगरात काय, ‘गॅस असेल’ म्हणून आधी ओवा दिला जातो. मोलाचे तास इथेच जातात. पायाच्या खोल शिरेतली गुठळी सुटून फुप्फुसाच्या धमनीत अडकलेली असू शकते. इंदूर-पुणे बसमध्ये रात्रभर पाय न हलवता बसणाऱ्यांनाही धोका असतो, पण ऑपरेशन, मोडलेलं हाड किंवा कॅन्सर यांच्या मानाने थोडा.

सीटी अँजिओत (शिरेत रंगद्रव्य सोडून काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये) गुठळी केवढी दिसते, यापेक्षा हृदयाचा उजवा कप्पा किती सोसतोय ते महत्त्वाचं. त्याची भिंत पातळ असते. गुठळीमुळे दाब एकदम वाढला की तो फुगतो, मधला पडदा डावीकडे रेटतो, डाव्या कप्प्यात रक्त पुरेसं भरत नाही आणि बीपी कोसळतं. अशा वेळी सलाइनच्या बाटल्या चढवत राहिलं, तर फुगलेला कप्पा आणखी ताणला जातो.

वरचं बीपी ९० च्या खाली गेलं की सहसा गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेस १०० मिलिग्रॅम, दोन तासांत देतात. ताज्या ऑपरेशनच्या रुग्णाला ते धोक्याचं. जखमेतून, क्वचित मेंदूतही रक्तस्राव होतो. तिथे कॅथेटर, म्हणजे शिरेतून गुठळीपर्यंत सरकवायची नळी, कामी येतं.

जांघेतल्या शिरेत सोनोग्राफीवर बघत सुई घालतात. हृदयातून जाताना पुढे वळलेल्या टोकाची पिगटेल नळी असते, कारण सरळ टोक झडपेच्या दोऱ्यांत अडकतं. पुढे एक तर गुठळीतच बारीक नळी ठेवून तासाला सुमारे १ मिलिग्रॅम औषध सोडतात, नाहीतर ८ मिलिमीटरपर्यंत जाड नळीने गुठळी ओढून घेतात. ओढताना रक्तही येतं. काही संचांत ते गाळून परत देता येतं. धमनी चकाचक करण्याचा हट्ट नको. बीपी सावरलं, ऑक्सिजन वाढला की थांबावं. बारीक फांद्यांत नळी रेटली तर धमनी फाटते. ईसीजीत आधीच डावा बंडल ब्लॉक (हृदयातल्या विजेच्या डाव्या वाटेत अडथळा) असेल, तर नळीच्या धक्क्याने उजवी वाटही बंद पडून पूर्ण हार्ट ब्लॉक होऊ शकतो. तात्पुरता पेसमेकर हाताशी हवा. काही आठवड्यांची जुनी गुठळी भिंतीला चिकटलेली असते, ती सहसा ओढून निघत नाही.

नंतर रक्त पातळ करणारी गोळी किमान ३ महिने. तेव्हाही धाप राहिली तर इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यावा.

अँजिओप्लास्टी होणाऱ्या प्रत्येक कॅथलॅबमध्ये ही जाड नळी असतेच असं नाही. रुग्ण हलवण्याआधी फोनवर विचारा, आणि हेपॅरिन (गुठळी वाढू न देणारं इंजेक्शन) सुरू करून मगच निघता येईल का, हे डॉक्टरांना विचारून घ्या.