कानातली शिट्टी, कूलर आणि डीजे : एक पार्श्वभूमी

चैत्र-वैशाखात मराठवाड्यातल्या घराघरांत रात्रभर कूलर घरघरत असतो. ज्याच्या कानात बारीक शिट्टी वाजते, त्याला त्या दिवसांत ती फारशी जाणवत नाही. पुढे कूलर माळ्यावर जातो, थंडी पडते, पंखाही बंद होतो, आणि शिट्टी एकदम मोठी वाटायला लागते. माणसाला वाटतं दुखणं वाढलं. खरं तर दुखणं तेवढंच असतं, भोवतीचा आवाज कमी झालेला असतो. भारनियमनाच्या वर्षांत मध्यरात्री वीज गेली की कान वाजणाऱ्यांची झोप का उडायची, त्याचंही कारण हेच. एवढी साधी गोष्ट वैद्यकशास्त्राच्या पचनी पडायला मात्र दोनशे वर्षं लागली.

तक्रार तर फार जुनी. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ विकार सांगितले आहेत, त्यात ही आहेच. पुढे माधवनिदान या रोगनिदानाच्या ग्रंथात कर्णनादाचं, म्हणजे कान वाजण्याचं, वर्णन येतं: कानाच्या मार्गात वायू शिरला की भेरी, मृदंग, शंख असे नाना आवाज ऐकू येतात. बासरीसारखा आवाज येत असेल तर त्याला कर्णक्ष्वेड असं वेगळं नाव. आवाजाच्या जातीवरून दुखण्याची विभागणी करणारं हे निरीक्षण चोख आहे. उपाय म्हणून कानात औषधी तेल सोडण्याचा प्रघात होता. त्याचा घरगुती अवतार म्हणजे लसूण टाकून गरम केलेलं तेल. ते आजही सर्रास सोडलं जातं आणि ते धोक्याचं आहे, कारण पडद्याला भोक असेल तर तेल थेट मधल्या कानात उतरतं. आठवडी बाजारात कानातला मळ काढून देणाऱ्यांपुढे बसणंही तसंच. मळ साचल्यानेही कान वाजू शकतात, पण तो डॉक्टरकडून काढावा.

युरोपात या विषयाच्या दोन वाटा झाल्या आणि बराच काळ त्या एकमेकींना भेटल्याच नाहीत. पहिली वाट कारखान्यातली. इटलीतल्या बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० मध्ये कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यात व्हेनिसच्या तांबटांचा उल्लेख आहे: दिवसभर ठोकाठोक करून त्यांचे कान आधी अधू होतात आणि म्हातारपणी ते ठार बहिरे होतात. १८८६ मध्ये ग्लासगोच्या थॉमस बार यांनी बॉयलर बनवणाऱ्या १०० कामगारांचे कान तपासले, तेव्हा नुकसान किती सार्वत्रिक आहे ते उघड झालं. पुढे ऑडिओमेट्री, म्हणजे कोणत्या पट्टीचा आवाज किती ऐकू येतो ते मोजणारी तपासणी आली आणि तिच्या आलेखात ४००० हर्ट्झच्या आसपास पडणारा खड्डा ही अशा कानांची ओळखीची खूण ठरली.

कान झाकण्याची साधनं सावकाश आली. बर्लिनच्या एका औषधविक्रेत्याने १९०७ च्या सुमारास मेण आणि व्हॅसलिनमध्ये भिजवलेल्या कापसाचे बोळे विकायला आणले. मेणात भिजवण्याला महत्त्व आहे. कोरड्या कापसातून आवाज जवळजवळ जसाच्या तसा आत येतो. कापसाच्या मुलखात हे ऐकायला विचित्र वाटेल, पण जिनिंगमध्ये कानात कापूस कोंबून उभा असलेला माणूस स्वतःची फक्त समजूत घालत असतो.

मराठवाड्यात यंत्रांचा सलग आवाज आला तो निजामाच्या राजवटीत, औरंगाबाद आणि नांदेडच्या कापड गिरण्यांतून, सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंग-प्रेसिंगमधून. मग साखर कारखाने आले, परळीचं औष्णिक वीज केंद्र आलं, १९८० च्या दशकात वाळूजची एमआयडीसी उभी राहिली, जालन्यात लोखंडी सळयांच्या रोलिंग मिल झाल्या, लातूर-उदगीरला डाळ मिल. आवाजाने येणारं बहिरेपण कायद्याने सरकारला कळवायलाच हव्यात अशा व्यवसायजन्य रोगांत आहे. आपल्या कारखाना नियमांची मर्यादा ८ तासांना ९० डेसिबल. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस याहून कडक आहे: ८ तासांना ८५, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. कागदावर सगळं आहे. पण गळीत हंगामापुरता आलेला कंत्राटी मजूर दर वर्षी कान तपासून घेतो, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मळणी यंत्रापाशी उभ्या असणाऱ्या शेतमजुराला तर हा कायदा लागूच नाही.

दुसरी वाट दवाखान्यातली. पॅरिसच्या झां इतार यांनी १८२१ च्या आपल्या ग्रंथात कान वाजण्याचे दोन प्रकार केले: तपासणाऱ्यालाही ऐकू येऊ शकणारा आवाज आणि फक्त रुग्णालाच येणारा. त्यांनी सुचवलेला उपाय काळाच्या पुढचा होता. आतल्या आवाजाशी मिळताजुळता बाहेरचा आवाज जवळ ठेवा, म्हणजे धडाडणारी शेगडी, नाहीतर पाणचक्कीचा शेजार. संभाजीनगरच्या पाणचक्कीवर सहलीला जाणाऱ्यांनी तिच्याकडे या नजरेने पाहिलं नसेल!

पण इतार मागे पडले. पुढे पिढ्यान्‌पिढ्या दुखणं कानातच शोधलं गेलं. हताश रुग्णांची ऐकण्याची नस कापण्यापर्यंत मजल गेली. अनेकांचा कान बहिरा झाला आणि आवाज मात्र तसाच राहिला. म्हणजे तो मेंदूत तयार होत होता. कानाकडून येणारी माहिती घटली की मेंदू जणू रेडिओचा आवाज वाढवतो आणि खरखर ऐकू येते. मुळात थोडीफार खरखर सगळ्यांकडेच असते. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन यांनी चांगल्या कानांच्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं, तर ९४ टक्क्यांना काही ना काही ऐकू आलं.

मग प्रश्न बदलला. आवाज कसा घालवायचा यापेक्षा काहींना त्याचा एवढा जाच का होतो, हे विचारलं जाऊ लागलं. १९७० च्या दशकात अमेरिकेत जॅक व्हर्नन यांच्या एका रुग्णाला कारंज्याजवळ उभं राहिल्यावर आराम पडला, त्यातून आवाज झाकणारी यंत्रं निघाली. १९८४ मध्ये ब्रिटनच्या हॅलम यांनी सवय होण्याची कल्पना मांडली, आणि १९९० मध्ये यास्त्रेबॉफ यांनी त्याला मेंदूतला आधार दिला: आवाज धोक्याचा आहे असं मेंदूने धरलं की तो त्याच्यावर पहारा ठेवतो. भीती ओसरली की पहारा ढिला पडतो. आज सगळ्यांत भक्कम पुरावा बोधात्मक वर्तनोपचारांचा, म्हणजे विचारांची आणि वागण्याची सवय बदलणाऱ्या मानसोपचारांचा (सीबीटी) आहे. त्याने आवाज कमी होत नाही, जाच कमी होतो. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राचाही दुहेरी उपयोग होतो: ऐकू नीट येतं आणि बाहेरच्या आवाजात शिट्टीही झाकली जाते. हमखास गुण येतो म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या-थेंबांवर पैसे घालवू नयेत.

दोन्ही वाटा एकत्र आल्या त्या अलीकडे. २००९ मध्ये बोस्टनला कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवर दाखवलं, की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली तरी आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या रोमपेशी आणि नस यांच्यातले अनेक सांधे कायमचे गेलेले असतात. वरातीनंतर कान सुन्न होऊन सकाळी ‘मोकळे’ झाले, म्हणजे काही बिघडलं नाही, हा समज तिथे मोडला. याच्या उलट बाजू २०१२ च्या प्रयोगात दिसली. चांगल्या कानाच्या १८ जणांनी एका कानात आठवडाभर इअरप्लग ठेवला, तर बहुतेकांना नसलेले आवाज ऐकू यायला लागले. तेव्हा कान वाजतात म्हणून घरातही बोळे घालून बसणं अंगाशी येतं. डीजेपुढे कान झाकायचे आणि घरी पंख्याचा, पाण्याचा, रेडिओचा हलका आवाज राहू द्यायचा, अशी ही कसरत आहे.

आता डीजेचंच. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० पासून लागू आहेत: रहिवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल, आणि रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. सण-उत्सवांसाठी राज्याला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबल ही कमाल मर्यादा सुचवली. जयंती असो, गणपती असो की वरात, ट्रॅक्टरवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीपुढे नाचणारी पोरं कोणतीच मर्यादा मोजत नाहीत. त्या भिंतीशेजारी रात्रभर बसणारा ट्रॅक्टरचालक तर कुणाच्याच हिशेबात नसतो.

फोमचे इअरप्लग १०-२० रुपयांत येतात. मेडिकलवर नसले तर एमआयडीसीजवळ सेफ्टी शूज आणि हेल्मेट विकणाऱ्या दुकानांत मिळतात. बोटांनी वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत धरून ठेवायचे. नुसते टेकवले तर कोरड्या कापसासारखीच गत.

काही लक्षणं मात्र सवयीवर सोडू नयेत. एकाच कानात येणारा आवाज, नाडीच्या ठोक्याबरोबर येणारी धडधड, सोबत चक्कर, किंवा एक-दोन दिवसांत अचानक गेलेलं ऐकू येणं. शेवटच्यात तर उशीर चालत नाही. स्टेरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच होतो. आधी घेतलेली औषधंही सांगावीत. क्षयरोगासाठी दिलेल्या स्ट्रेप्टोमायसिन किंवा कॅनामायसिनच्या इंजेक्शनांनी कान जाऊ शकतात. तपासणीसाठी संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, नांदेड, लातूर या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत.