हातभर जाडीची भिंत

गेल्या पावसाळ्यात नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घराच्या मागच्या भिंतीचा गिलावा फळीसारखा सुटून परसात पडला. आतल्या विटा उघड्या झाल्या आणि घराचं वय पहिल्यांदाच डोळ्यांना दिसलं.

खालचे थर जेमतेम दीड इंच जाडीच्या चपट्या विटांचे. छातीच्या उंचीवर विटा एकदम जाड होतात, इंग्रजी बांधकामाबरोबर आलेल्या नऊ इंची मापाच्या. चुना मात्र दोन्हीकडे आहे. माडीच्या खिडकीभोवती राखाडी सिमेंट. विटेवरून साल ठरवू नये, कारण पडक्या घराच्या विटा लोक सर्रास पुन्हा वापरत. सिमेंटचं तसं नाही. आपल्याकडे त्याचं नियमित उत्पादन १९१४ साली पोरबंदरला सुरू झालं. त्याआधी ते विलायतेहून येई, आणि ते आमच्या माडीपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं.

भोसल्यांचा राजवाडा काळ्या दगडाचा होता. त्यातलं कोरीव लाकूडकाम १८६४च्या आगीत गेलं. आमच्यासारख्यांची घरं विटांची, आणि वीट चपटी असण्याचं कारण भट्टीत आहे. लाकडाच्या आचेवर जाड विटेचा गाभा कच्चा राहायचा, पातळ वीट आतपर्यंत भाजायची. कापसाची आपली काळी माती या कामाला कुचकामी. पाणी प्यायली की फुगते, वाळली की तडकते. शिवाय तिच्यातले चुनखडीचे खडे विटेबरोबर भाजले जातात आणि पहिल्या पावसात फुगून विटेचा टवका उडवतात.

तेच खडे वेगळे भाजले की चुना. साधारण ९०० अंशांना त्यांच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरतो कळीचा चुना. त्यावर पाणी ओतलं की फसफसून विरतो. मग वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांचा भुगा, घालून तो बैलाच्या घाण्यात मळायचा. भिंतीत बसल्यावर तो हवेतून तोच वायू ओढून घेत वर्षानुवर्षं पुन्हा दगड होत राहतो.

आता उन्हाचं. बाहेरच्या अंगाला लागलेली ऊब विटेतून मुंगीच्या पावलाने आत सरकते. साडेचार इंची भिंत ती दोन-तीन तासांत पार करते, नऊ इंची सहा-सात तासांत. आमची भिंत अठरा इंची, म्हणजे हातभर. तिला बारा तासांहून जास्त लागतात. दुपारी दोनचं ऊन माजघरात पोचतं मध्यरात्र उलटल्यावर, तेही हाताला कळणार नाही इतकं थकून. तोवर पूर्वी सगळे अंगणात खाटा टाकून झोपलेले असत. नव्या घराची नऊ इंची भिंत तेच ऊन रात्री आठ-नऊला, नेमकं अंथरूण घालायच्या वेळेला आत सोडते.

यावर फार फुशारून जायला नको. जाड भिंत दिवस-रात्रीतला फरक पुसते, सरासरी नाही. मे अखेरीस रात्रीही तापायला लागल्या की भिंतही हळूहळू तापते. कूलर आम्हीही लावतोच.

मग गिलावा का पडला? दोष आमचाच. दहाएक वर्षांपूर्वी ‘मजबुती’ म्हणून त्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. जमिनीतली ओल विटेच्या बारीक छिद्रांतून वर चढते. चुना तिला श्वासासारखी बाहेर सोडतो. पाणी उडतं, मागे राहिलेले क्षार चुन्यावर साचतात आणि झिजतो तो चुना, वीट शाबूत राहते. सिमेंटने वाट बुजवली. ओल आणखी वर चढली आणि क्षारांचे स्फटिक गिलाव्यामागे, विटेच्या छिद्रांत वाढू लागले. वाढणारा स्फटिक जागा करून घेतो. त्यालाच आपण लोणा लागला म्हणतो. पडलेल्या गिलाव्याच्या पाठीला विटांचे लाल पापुद्रे चिकटलेले होते, आणि उघड्या विटेवर बोट फिरवलं की कुंकवासारखी भुकटी निघत होती.

मिस्त्रीला म्हटलं, या वेळी चुन्यात करा. त्याने खर्‍याची, म्हणजे चुना लावून घोटलेल्या सुपारी-तंबाखूची, पुडी काढली आणि विचारलं, ‘‘इतक्या भिंतीला किती डब्या लागतील जी?’’ हसून झाल्यावर तोच कुठूनतरी कळीचा चुना घेऊन आला. सध्या तो परसातल्या ड्रममध्ये पाण्याखाली मुरतोय.