वयवारीत दोन गुणोत्तरं असतील, तर क्षही दोन असतात

तलाठी असो, पोलीस भरती असो, वयवारीची, म्हणजे वयांवरची, गणितं येतातच आणि बहुतेक जण एकाच जागी चुकतात. गुणोत्तर ५:१ म्हणजे वयं ५क्ष आणि क्ष, हे सगळ्यांना येतं. ‘पूर्वी’ला वजा, ‘नंतर’ला अधिक, हेही येतं. ते सोडून देऊ.

आई आणि मुलीच्या आजच्या वयांचं गुणोत्तर ५:१, ६ वर्षांनी ३:१. आजची वयं किती? वह्यांमध्ये सर्रास दिसतं: ५क्ष + ६ = ३क्ष. क्ष आला उणे ३. मुलीचं समीकरण तसंच मांडून बघा: क्ष + ६ = क्ष, म्हणजे ६ = ०. इथेच थांबायला हवं. आजच्या गुणोत्तरातला क्ष ६ वर्षांनंतरच्या गुणोत्तरात चालत नाही.

बरोबर मांडणी अशी: (५क्ष + ६) : (क्ष + ६) = ३ : १. तिरकस गुणाकार केला की ५क्ष + ६ = ३क्ष + १८, म्हणून क्ष = ६. आई ३०, मुलगी ६. सहा वर्षांनी ३६ आणि १२. आज एक भाग ६ वर्षांचा होता, तेव्हा तो १२ वर्षांचा आहे. बदललं नाही ते फक्त वयांमधलं अंतर: २४ वर्षं. आज त्याचे ४ भाग पडतात, नंतर २.

ही चूक टिकते, कारण कधीकधी ती खपून जाते. आज ७:२, १० वर्षांनी ९:४ असेल तर ७क्ष + १० = ९क्ष लिहूनही क्ष = ५ बरोबर येतो, कारण ७ − २ आणि ९ − ४ दोन्ही ५ आहेत. ‘दोन भाग म्हणजे दहा वर्षं’ ही ट्रिक अशाच गणितावर शिकवतात आणि अट सांगतच नाहीत. याचा मला मनापासून राग आहे. पोरं ती पाठ करतात आणि परीक्षेत दोन गुणोत्तरांमधली ही अंतरं वेगळी निघाली की अडकतात.

ट्रिक मलाही आवडते, पण आधी अंतरं सारखी करा. वर आई-मुलीच्या गणितात ३:१ चं ६:२ केलं की ५ चे ६ झाले, एक भाग म्हणजे ६ वर्षं. वडील-मुलगा ४:१, ५ वर्षांनी ३:१ असेल तर अंतरं ३ आणि २, म्हणून दोन्ही गुणोत्तरं बदलायची: ८:२ आणि ९:३. एक भाग ५ वर्षांचा. वडील ४०, मुलगा १०.