फिल्मवरची मालिका, टेपवरची मालिका आणि तुमच्या घरची रिळं

'फ्रेंड्स' ही अमेरिकन विनोदी मालिका १९९४ साली सुरू झाली, तरी आजच्या मोठ्या टीव्हीवर लख्ख दिसते. त्याच दशकात चालू असलेली 'मॅरिड... विथ चिल्ड्रन' मात्र धूसर. 'फ्रेंड्स' ३५ मिमी फिल्मवर चित्रित झाली होती. निगेटिव्ह शाबूत होती, ती नव्याने स्कॅन झाली. दुसरी थेट व्हिडिओटेपवर, आणि अमेरिकन टेपवर चित्राच्या जेमतेम ४८० ओळी बसत. मुळात जे टिपलंच गेलं नाही, ते पुढे कुठलंही यंत्र आणून देत नाही.

फिल्मची ही वाट रुळवली 'आय लव्ह लूसी' या अमेरिकन विनोदी मालिकेने, १९५१ साली. तेव्हा बरेच कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित होत. दूरच्या शहरांसाठी टीव्हीच्या पडद्यावरूनच फिल्म उतरवत, ती अगदी फिकट यायची. मालिकेतले मुख्य कलाकार, लूसिल बॉल आणि देसी अर्नाझ हे जोडपं, यांना हॉलिवूड सोडायचं नव्हतं. त्यांनी प्रेक्षकांसमोर एकदम तीन फिल्म कॅमेरे चालवले, वाढीव खर्चापायी मानधन कमी करून घेतलं आणि बदल्यात मालिकेची मालकी मिळवली. टीव्हीच्या धंद्यात इतका शहाणा सौदा क्वचितच झाला असेल.

बीबीसीत स्टुडिओतलं टेपवर आणि बाहेरचं १६ मिमी फिल्मवर अशी पद्धत होती. 'फॉल्टी टॉवर्स' या तिथल्या विनोदी मालिकेत हॉटेलमालक बेसिल फांदी घेऊन गाडी झोडपतो, तो भाग नीट पाहा. हॉटेलातली हालचाल गुळगुळीत, रस्त्यावरची किंचित तुटक. टेपवर सेकंदाला ५० अर्धी चित्रं (प्रत्येकात निम्म्याच ओळी), फिल्मवर २५ पूर्ण. टेप महाग, शिवाय पुसून पुन्हा वापरता येणारी. म्हणून बरंच काही पुसलं गेलं. बीबीसीच्याच 'डॅड्स आर्मी' या मालिकेचे तीन भाग अजून सापडलेले नाहीत.

तुमच्या घरीही हेच लागू आहे. आम्ही जुनी रिळं आणि कॅसेटी डिजिटल करून देतो. ८ मिमीची रिळं पूर्वी व्हीएचएसवर उतरवून घेतली असतील, तर कॅसेट नको, मूळ रीळच आणा. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल, तर लवकर आणा. कॅसेटच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसली, तर ती घरच्या प्लेयरमध्ये घालू नका. टेप फाटते आणि हेडही खराब होतं. व्हीएचएसमधली ५० अर्धी चित्रं आम्ही ५० फ्रेममध्येच जपतो, म्हणजे लग्नातला नाच जसा होता तसाच हलतो. व्हीएचएसचं '४के' करून देण्याचे जादा पैसे आम्ही घेत नाही. काम झाल्यावर रिळं आणि कॅसेटी परत मिळतात. त्या टाकू नका.