औषध तेच, जंत बदलले
(शेळ्या-मेंढ्या आणि गुरं पाळणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

पावसाळा लागून महिना-दीड महिना झाला की आमच्या काउंटरवर एक तक्रार ठरलेली असते. "काय ओ, गेल्या साली हीच बाटली नेली होती, मेंढरं टवटवीत झाली. यंदा तीच पाजली तर काडीचा फरक नाही. डुप्लिकेट माल आलाय काय?" कुणी म्हणतं, जंतांना औषधाची सवय झाली, आता डबल डोस सांगा.

मुदत संपलेली असू शकते, बाटली उन्हात तापलेली असू शकते. शंका असेल तर बाटली आणि बिल घेऊन या, तपासू. पण बहुतेक वेळा बाटलीत खोट नसते. बदललेले असतात ते जंत, आणि तेही सवय होऊन नव्हे. ते कसे बदलतात हे एकदा लक्षात आलं तर औषधावरचा तुमचा खर्च उतरेल. आमचा गल्लाही थोडा उतरेल, पण लागू न पडणारं औषध विकून रोज बोलणी खाण्यापेक्षा ते परवडलं.

मेंढराच्या पोटात काय चाललंय

आपल्या भागात पावसाळ्यात शेरडा-मेंढरांना सगळ्यात जास्त त्रास देणारा जंत म्हणजे हिमोंकस. तो चौथ्या पोटात राहतो आणि रक्तावर जगतो. मादीच्या अंगावर लाल-पांढरा पीळ दिसतो. ती दिवसाला पाच हजारांहून जास्त अंडी घालू शकते. अंडी लेंडीतून बाहेर पडतात, ओल आणि ऊब मिळाली तर आठवडाभरात त्यांच्यातून निघालेल्या अळ्या ओल्या गवतावर चढतात, मेंढरू ते गवत खातं आणि पुढच्या तीनेक आठवड्यांत त्याच अळ्या मोठ्या होऊन अंडी घालायला लागतात. म्हणजे एका पावसाळ्यात जंतांच्या कितीतरी पिढ्या होतात. माणसाच्या हिशोबात हा पणजोबापासून पणतवापर्यंतचा काळ झाला.

एवढ्या अंड्यांतून निघालेले सगळे जंत एकसारखे नसतात. बाहेरून दिसायला सारखे, पण आत बारीक फरक असतात. अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल ही औषधं जंताच्या शरीरातल्या एका विशिष्ट प्रथिनाला चिकटतात आणि त्याच्या पेशींचं काम बंद पाडतात. त्या प्रथिनाच्या लांबलचक साखळीत दोनशेव्या जागेवरची एक कडी बदललेली असली की औषधाला तिथं नीट चिकटता येत नाही. एवढासाच फरक. तो फरक घेऊन जन्मलेले थोडे जंत औषध बाजारात येण्याआधीपासून असतात. औषध नसताना त्याचा त्यांना काही उपयोग नसतो.

चाळण

आता तुम्ही डोस पाजता. ज्यांच्यात तो फरक नाही ते जंत मरतात, सवय लावून घ्यायला त्यांना वेळच मिळत नाही. फरक असलेले उरतात. पुढची अंडी त्यांचीच, आणि तो फरक अंड्यातून पोरांत उतरतो. ज्वारी चाळली म्हणून खडे तयार होत नाहीत, आधीपासून असलेलेच खडे चाळणीत वर राहतात. औषधाचं काम नेमकं तसं आहे.

हिशोब घालून बघू. आकडे समजण्यापुरते धरलेत. समजा कळपात दहा लाख जंत आहेत आणि दहा हजारांत एक जंत औषधाला न जुमानणारा, म्हणजे एकूण शंभर. औषध बाकीच्यांतले शंभरातले नव्याण्णव मारतं. डोसनंतर साधे जंत उरले सुमारे दहा हजार, न जुमानणारे शंभरच्या शंभर. म्हणजे दहा हजारांत एक होता तो आता शंभरात एक झाला. तुम्हाला मात्र काहीच कळत नाही, कारण औषध झकास चाललेलं दिसतं. उरलेल्यांनी पुन्हा दहा लाख केले, त्यात न जुमानणारे दहा हजार. दुसरा डोस. आता साधे उरले दहा हजारांच्या आसपास आणि न जुमानणारे दहा हजार. निम्मे-निम्मे! तिसऱ्या डोसला बाटली "अचानक" फेल जाते. खरं तर ती पहिल्याच डोसपासून फेल जायला लागली होती.

याला नैसर्गिक निवड म्हणतात. चार्ल्स डार्विन आणि आल्फ्रेड वॉलेस या दोघांची ही कल्पना १८५८ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे मांडली गेली आणि पुढच्याच वर्षी डार्विनचा ग्रंथ आला. तीन गोष्टी जमल्या की निवड आपोआप होते: जनावरा-जनावरांत फरक असला पाहिजे, तो फरक पोरांत उतरला पाहिजे, आणि त्या फरकामुळे कुणाची पोरं जास्त तर कुणाची कमी जगली पाहिजेत. निवडणारा कुणी बसलेला नसतो. एक जंत जन्मभर जसा आहे तसाच राहतो, बदलते ती जंतांची जमात.

जंतांवरचं थायाबेंडाझोल १९६१ मध्ये बाजारात आलं तेव्हा आता जंत संपलेच असं वाटलं होतं. १९६४ पर्यंत त्याला न जुमानणाऱ्या हिमोंकसची नोंद अमेरिकेत झाली. १९८१ मध्ये जनावरांसाठी आयव्हरमेक्टिन आलं, तेही जपानच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्म जिवापासून. त्या शोधाला २०१५ चं नोबेल मिळालं, आणि ते योग्यच होतं. पण दक्षिण आफ्रिकेतल्या मेंढ्यांमध्ये दहा वर्षांच्या आत तेही फेल जायला लागलं होतं. म्हणून कुणी आता "नवीन पावरफुल" औषध मागितलं की आम्ही आधी विचारतो, जुनं कसं पाजलं होतं ते सांगा.

जोरदार तो टिकतो असं नाही

"जो बळकट तोच जगतो" हे वाक्य शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे. कोण टिकणार हे त्या-त्या वेळची परिस्थिती ठरवते, आणि ती बदलली की उत्तरही बदलतं. गॅलापागोस बेटांपैकी डाफ्ने मेजर या छोट्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने फिंच नावाच्या पक्ष्यांच्या चोची वर्षानुवर्षं मोजल्या. १९७७ मध्ये दुष्काळ पडला. बारीक बिया संपल्या, टणक मोठ्या उरल्या. त्या फोडता येणारे जाड चोचीचे पक्षी जास्त टिकले आणि पुढच्या पिढीची सरासरी चोच जाड झाली. मग १९८२-८३ ला अतोनात पाऊस झाला, बारीक बियांचं रान माजलं, आणि निवड उलट्या बाजूला, लहान चोचीकडे वळली.

हिमोंकसचंही तेच. जिथं उन्हाळा लांब आणि कोरडा असतो अशा प्रदेशांत या जंताच्या अळ्या मेंढराच्या पोटात वाढ थांबवून दबा धरून राहतात आणि पावसाच्या सुमाराला जाग्या होतात. उन्हाळ्यात अंडी घालणाऱ्यांची अंडी करपून जात होती, थांबणाऱ्यांची पोरं जगली. अथणी-रायबागच्या उन्हात जे चालेल ते जांबोटी-कणकुंबीच्या पावसात चालेलच असं नाही. त्यामुळे एकाच तारखेला सगळ्या तालुक्यांत डोस पाजायचा सल्ला आम्हाला पटत नाही.

सगळ्यांना पाजू नका

हे औषधाच्या दुकानाने सांगावं याचं तुम्हाला नवल वाटेल. पण या पत्रकातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच.

वरच्या हिशोबात आम्ही एक गोष्ट मुद्दाम बाजूला ठेवली होती. सगळे जंत पोटात नसतात. कितीतरी पट अळ्या बाहेर रानात, गवतावर असतात आणि त्यांनी औषध पाहिलेलंच नसतं. पोटात उरलेल्या न जुमानणाऱ्या जंतांबरोबर ह्या साध्या अळ्या येऊन मिसळतात, त्यांच्यात संकर होतो, आणि हट्टी जंतांचं प्रमाण हळूहळूच वाढतं. रानातले साधे जंत हा तुमचा राखीव साठा आहे. तो राखला तर औषध जास्त वर्षं चालेल.

आता आपण काय करतो? ऐन मे महिन्यात, रान उघडं-बोडकं असताना, अख्ख्या कळपाला एका दिवसात डोस. रानात त्या वेळी अळ्या जवळपास नसतात. पोटात जे उरले तेच पुढच्या पावसाळ्याचे मूळपुरुष. डोस पाजून लगेच नव्या, स्वच्छ रानात वाडा हलवणं हे दिसायला शहाणपणाचं, पण त्यातही नव्या रानात पहिली अंडी पडतात ती हट्टी जंतांची. चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेहून आणलेल्या नव्या मेंढ्यासोबत दुसऱ्याच्या कळपातले हट्टी जंत आयते घरी येतात, ते वेगळंच. नवं जनावर तीन-चार आठवडे वेगळं बांधा आणि लेंडी तपासून मगच कळपात सोडा.

कळपातले बहुतेक जंत थोड्याच जनावरांच्या पोटात असतात, साधारण पाचातल्या एक-दोन. बाकीची मेंढरं बऱ्यापैकी निभावून नेतात. तेव्हा पाजायचं ते ज्याला गरज आहे त्यालाच. गरज ओळखायची युक्ती दक्षिण आफ्रिकेत निघाली: खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघायचा. त्यासाठी पाच रंगांचं कार्ड असतं, लालभडकपासून पांढऱ्याफटकपर्यंत. लाल असेल तर सोडा, फिकट-पांढरी असेल तर पाजा, मधल्या रंगाला जनावराची तब्येत बघून ठरवा. पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी बघावं लागतं. कोकरं, करडं आणि गाभण जनावरं यांच्या बाबतीत हात आखडता घेऊ नका, डॉक्टरांना विचारून वेळेवर पाजा. आणखी एक: पापणी पांढरी म्हणजे हिमोंकसच असं नाही. खानापूरकडच्या भातशेतीच्या पाणथळ भागात गोगलगायींमुळे पसरणाऱ्या यकृताच्या चपट्या कृमींनीही रक्त कमी होतं, आणि त्यांचं औषध वेगळं.

कमी डोस हा दुसरा घातक प्रकार. अंदाजाने अर्धं बूच पाजलं की अर्धवट तग धरणारे जंतही सुटतात. कळपातल्या सगळ्यात वजनदार मेंढराचं वजन घ्या, काटा नसेल तर आमच्याकडचा नेऊन परत आणून द्या. मेंढीचा डोस शेळीला पुरतोच असं नाही, काही औषधं शेळीच्या अंगातून लवकर निघून जातात. पण म्हणून सगळंच दुप्पट करू नका. क्लोसँटेल हे जंतांचं औषध जास्त झालं तर जनावर आंधळं होऊ शकतं, आणि अल्बेंडाझोल गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात देत नाहीत.

औषध बदला म्हणजे कंपनी बदला नव्हे. डबा हिरवा, बाटली निळी, वरचं चित्र वेगळं, आतलं औषध मात्र तेच अल्बेंडाझोल, असं आमच्याच फळीवर चार ठिकाणी दिसेल. अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल तर एकाच घराण्यातली, एकाला न जुमानणारा जंत दुसऱ्यालाही जुमानत नाही. लेबलावरचं बारीक नाव वाचा, नाहीतर आमच्याकडून वाचून घ्या.

गोठ्यातल्या गोचिडी

गाई-म्हशींच्या गोचिडीची गत जंतांपेक्षा वाईट आहे. आपल्याकडची नेहमीची गोचीड लहानाची मोठी एकाच जनावराच्या अंगावर होते. रक्त पिऊन टम्म झाली की खाली पडते, भिंतीच्या फटीत दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. अंगावर मारलेला फवारा तिला प्रत्येक अवस्थेत गाठतो, औषध न पाहिलेला साठा फारच थोडा उरतो, आणि चाळण लवकर काम करते. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन या फवाऱ्याच्या औषधांना दाद न देणाऱ्या गोचिडी देशात अनेक ठिकाणी आढळल्या आहेत. बादलीत अंदाजे ओतून फवारू नका. गोठ्याच्या फटी बुजवल्यात तर त्या कामाला विरोध करणारी गोचीड अजून जन्मली नाही.

निवड जनावरांचीही होते

हीच गोष्ट तुमच्या बाजूनेही चालते. सुंदरबनच्या दलदलीत चरणाऱ्या गारोल मेंढ्या पिढ्यानपिढ्या जंतांच्या माऱ्यात वाढल्या, कमजोर त्यात गेल्या. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी मेंढ्यांशी त्यांचा संकर केला, तेव्हा संकरित कोकरांना जंतांचा त्रास कमी होतो असं दिसलं. आपल्याच कृष्णाकाठच्या कृष्णा व्हॅली गुरांचं रक्त गीर, ओंगोल यांच्याबरोबर अमेरिकेतल्या ब्राह्मण जातीत गेलं, आणि गोचिडीने हैराण झालेल्या ऑस्ट्रेलियाने ती जात मुद्दाम नेली. आपण मात्र इथं जर्सी-एचएफ (होल्स्टीन) या परदेशी जातींच्या गाई बांधून गोचिडीच्या औषधाचं बिल भरतोय. दूध जास्त मिळतं हे खरं, बिलही खरं.

म्हणून पैदाशीचा मेंढा ठेवताना नुसती उंची आणि शिंगं बघू नका. ज्या आईला दोन-तीन पावसाळे फारसं पाजावं लागलं नाही तिचं कोकरू राखा. कानाला खूण करा, वहीत लिहा.

दुकानाकडून

औषध चालतंय की नाही याची खात्री अंदाजाने होत नाही. पाजायच्या दिवशी दहाएक मेंढरांची ताजी लेंडी वेगवेगळ्या पिशव्यांत घ्या, आणि दहा ते चौदा दिवसांनी त्याच मेंढरांची पुन्हा. अंडी ९५ टक्क्यांहून कमी घटली असतील तर ते औषध तुमच्या कळपात थकलं असं समजा आणि पुढचं डॉक्टरांच्या चिठ्ठीने घ्या. पिशव्या काउंटरवर फुकट मिळतात. जमिनीवरची लेंडी नको, थेट जनावराकडून घेतलेली आणा, सकाळी लवकर आणा, उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. दुपारपर्यंत आम्ही पिशव्या तालुक्याच्या पशु दवाखान्यात पोचवतो. हेच पत्रक कन्नडमध्येही छापलंय, शेजारच्या कळपवाल्यासाठी एक मागून न्या. रानं तुमची दोघांची एकच असतात.